सोळा वेढे, तीन वॅट

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही माझी दुकानातली मापांची वही. पुढून उघडली की गिऱ्हाइकांच्या कमरा आणि बाह्या, मागून उघडली की आजपासून मी. नवीन वही आणता आली असती, पण ती दिसली की लेक फोनवर विचारणार, "आई, कविताबिविता सुरू केल्यास की काय?" मापांच्या वहीत कोणी डोकावत नाही.

निमित्त असं की आज पेंग्याभावजींचं पत्र आलं. पेंग्याभावजी म्हणजे ह्यांचे जहाजावरचे सोबती. दोघंही रेडिओ ऑफिसर. ड्यूटीवर पेंगायचे म्हणून नाव पडलं पेंग्या, ते आजतागायत चिकटलं आहे. जहाजावरची नोकरी संपल्यावर दोघांनी हौशी रेडिओचं लायसन्स काढलं, घरी सेट मांडले, आणि दर रविवारी सकाळी दहाला, डायलवरच्या एका ठरलेल्या जागेवर, माइक तोंडाशी धरून गप्पा सुरू केल्या. गुडघे, पेन्शन, कोण वारलं, कोण वारता वारता राहिलं. बावीस वर्षांत रविवार चुकला नाही.

मागच्या जूनमध्ये ह्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली आणि तिच्याबरोबर आवाजाची पेटीही निघाली. आता गळ्याच्या खालच्या अंगाला एक भोक आहे, श्वास तिथून चालतो. डॉक्टर म्हणाले, माणूस वाचला. वाचला, खरंच आहे. पण घरी आल्यावर आठवडाभरात ह्यांनी मोठा सेट हौशी रेडिओच्या क्लबला देऊन टाकला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. बोलणं शिकवायला एक बाई येतात, मी त्यांना वाचाबाई म्हणते. त्यांनी गळ्याला टेकवायचं एक यंत्र दिलं. ह्यांनी एकदा लावून पाहिलं. मिक्सर बोलल्यासारखा आवाज आला. यंत्र मोज्यांच्या खणात गेलं. लिहायला पाटी आहे, तिच्यावर आठ महिन्यांत तीनच शब्द उमटले आहेत: हो, नको, चहा.

भावजी लिहितात, "वहिनी, मी अजून रविवारी दहाला सेट लावून बसतो. तो बोलणार नाही हे ठाऊक आहे, पण कान ऐकत नाहीत. नऊ मार्चचा रविवार मात्र शेवटचा. दुसऱ्या दिवशी मुलगा मला त्याच्याकडे नेतोय. अकरावा मजला, आणि गच्चीवर एरियलची तार लावू देत नाहीत."

पत्र ह्यांच्या हातात दिलं. वाचलं, घडी घातली, पाटी ओढली आणि लिहिलं, "चहा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी चहा टाकला. आणि तो उकळेपर्यंत मला एक गोष्ट सुचली. जहाजावर हे दोघं तोंडाने कुठे बोलायचे? हाताने बोलायचे. मोर्सची टिकटिक करून समुद्राच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चकाट्या पिटायचे. आणि हात तर ह्यांचे अजून धडधाकट आहेत.

बुधवार, ५ फेब्रुवारी

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथले गृहस्थ कायम एका डोळ्याला भिंग लावून असतात, चहा पितानासुद्धा. ह्यांची त्यांची जुनी ओळख. मी म्हटलं, "भिंगवाले, मला मोर्सचा सेट पाहिजे."

"तयार सेट नाही. किट आहे. सुटे भाग आणि एक पुस्तिका. जोडायचं आपण."

"म्हणजे कापड मिळेल, शिवून मिळणार नाही."

"तसंच."

किट साबणाच्या डबीत मावेल एवढं. ताकद तीन वॅट. मी विचारलं, तीन वॅट म्हणजे किती? म्हणाले, सायकलच्या दिव्याइतकी. एवढ्याशाने कुठवर ऐकू जाणार? "हवा चांगली असली तर समुद्रापार," ते म्हणाले. "नसली तर जिन्यापर्यंत."

आणखी दोन गोष्टी त्यांनी नीट समजावल्या. एक, हा सेट क्रिस्टलच्या खड्यावर चालतो आणि खडा डायलवर एकाच जागेवर बोलतो. भावजींची जागा मी सांगितली तेव्हा त्यांनी एक डबा पालथा घातला आणि जवळात जवळचा खडा काढून दिला, तरी तो जरा वरच पडतो. त्याला खाली ओढायला एक जादा कडी तार गुंडाळून बसवायची आणि एक फिरवायचं बटण लावायचं. किटात हा बदल आपला आपण करायचा. "म्हणजे कंबर अर्धा इंच आत घ्यायची," मी म्हटलं. ते म्हणाले, "शिंपिणीला काय सांगायचं."

दुसरी गोष्ट वाईट. लायसन्स ह्यांचं, तेव्हा कीवर, म्हणजे टिकटिक करायच्या दांडीवर, हातही ह्यांचाच हवा. मी सेट जोडायचा, तारेऐवजी दिवा लावून तपासायचा, पण हवेत एक टिंबसुद्धा सोडायचं नाही. म्हणजे सगळं करून शेवटी गाडी त्या खुर्चीपाशीच येऊन थांबणार.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

ह्यांना किट दाखवलं. "नको." मी म्हटलं, तुम्हाला कोणी विचारलंय, मी माझ्यासाठी करतेय, हात मोकळे आहेत माझे. साफ खोटं. दोन डझन गणवेश अंगावर आहेत.

सोल्डरचा धूर ह्यांच्या गळ्याला वाईट, म्हणून बाल्कनीत टेबल मांडलं. मध्ये दार, दारावर पडदा. ह्यांची जहाजावरची पितळी की मी गेली कित्येक वर्षं कागदी नमुन्यांवर वजन म्हणून ठेवते, ती दुकानातून परत आणली आणि चिंचेने घासली. ह्यांनी ती पाहिली. बरंच पाहिली. मग खिडकीकडे तोंड केलं.

दुकानात जायच्या आधी अकरा रेझिस्टर लावले. सोल्डरचे डाग जरा गोळ्यागोळ्यांचे आलेत, पण पहिलटकरणीच्या मानाने उत्तम. चाळीस वर्षं सुईत दोरा ओवलेले हात आहेत.

सोमवार, १० फेब्रुवारी

काल रविवार. दहाला मी कपाटावरचा जुना रिसीव्हर मुद्दाम पुसायला काढला. हे उठून आत गेले.

आज दुपारी मी जेवायला घरी आले तेव्हा किटचा बोर्ड हातात घेतला आणि अंगावर मूठभर मांस चढलं. शुक्रवारी गोळे वाटत होते ते डाग आज चकचकीत, निमुळते, एकसारखे दिसतात. सोल्डर गार होताना बसत असणार, जसं कापड धुतल्यावर बसतं. माझा हात चांगला आहे हे मला ठाऊक होतं, पण इतका चांगला आहे हे नव्हतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज कड्या. लाल रंगाच्या, कोटाच्या बटणाएवढ्या, मधे भोक. भोकातून बारीक तार आरपार घालून वेढे घ्यायचे. पुस्तिकेत मोजून दिलंय: सोळा, अठरा, सोळा. आणि आपल्या जादा कडीचे चौतीस. लोकांचे म्हणे इथे हात टेकतात. मला तर हसू आलं. हे म्हणजे काजं करण्यासारखं. मोजणीही आपलीच: सुई पहिल्यांदा आरपार जाते तो टाका नव्हे, ती सुरुवात. मोजायचं तिथून पुढे. मला माझ्या आईने तसं शिकवलं, आणि तिच्या काजाचं बटण कधी निसटलं नाही.

चारही कड्या एका बैठकीत. सोळा, अठरा, सोळा, चौतीस. इथे लिहून ठेवते.

दुसरी आघाडी: मोर्स. अक्षरांचा तक्ता दुकानात मशीनसमोर चिकटवलाय. गिऱ्हाइकं विचारतात हे कसलं भरतकाम. अक्षरं रोमन, पण त्यांत आपली भाषा लिहिता येते, हे आणि भावजी जहाजावर तेच करायचे, म्हणजे कॅप्टनला कळू नये. घरी मी शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानाने ओट्यावर सराव करते. आज "चहा" वाजवला. दोनदा अडखळले. बाहेर हे कपात चमचा वाजवत बसले होते, त्याने आणखी घोळ झाला. साखर बंद आहे ह्यांची, तरी किती ढवळायचं माणसाने.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पाटीवर नवा शब्द. "चष्मा." मी हातातला गणवेश टाकून तशीच ह्यांना घेऊन गेले. जवळचं दिसायला जोरदार भिंगं पाहिजेत म्हणाले, म्हणजे खुणेने म्हणाले. डोळेवाल्याने विचारलं, इतक्या जवळून काय बघता? ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. दुकानातली सगळी माणसं हसली. मलाही बरं वाटलं, उगाच कशाला नाही म्हणू.

तर्जनीला भाजलंय ह्यांच्या. चहाचं भांडं उचललंत ना, म्हटलं. पाटीवर "हो". मी चांगली झाडली. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं.

आणखी एक. गळ्यावर बांधायला मी ह्यांना मऊ मलमलीची फडकी शिवून देते. आज धुवायला घेतलं तर त्याला राळेचा वास, सोल्डरला असतो तसा. माझ्याच हातांचा लागला असणार. हात नीट धुवायला हवेत, त्या गळ्याला काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही. बाल्कनीतला पंखाही कोणीतरी रस्त्याकडे तोंड करून ठेवलाय. कामवालीला सांगायला हवं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बोर्ड भिंगवाल्यांना दाखवला. त्यांनी दिवा जवळ घेतला आणि बराच वेळ पाहिलं.

"हा डाग कोणी दिला?"

"मी."

"आणि हा?"

"तोही मीच."

"मला दोन हात दिसतायत."

"मग काय एका हाताने करू?" मी म्हटलं.

त्यांना खोकला आला. पाणी प्यायले. म्हणाले, ट्रान्झिस्टर निम्मे लोक उलटा लावतात, तुमचा बरोबर आहे. मला आठवत होतं की मी चपटी बाजू आत ठेवली होती, पण आहे तर बाहेर, आणि बाहेरच हवी म्हणे. काही लोकांच्या हातातच असतं ते.

निघताना म्हणाले, "वहिनी, चाललंय ते उत्तम चाललंय. थांबू नका." एवढं कौतुक मला कोटाच्या कॉलरचंसुद्धा कधी मिळालं नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

सेट डबीत बसला. तारेच्या जागी छोटा दिवा जोडला, बॅटरी लावली, की दाबली. दिवा लागला. सोडली, विझला. मी पाच-सहा वेळा केलं आणि मग ह्यांना हाताला धरून बाल्कनीत आणलं.

हे उभे राहिले. दिव्याकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं. मी म्हटलं, "दहाला दहा कमी आहेत. गच्चीवरची तार अजून आहे. नुसतं जोडायचं. बसा." हात धरून कीवर ठेवला. ह्यांनी तो काढून घेतला. अगदी हळू काढला, झटकला नाही. पाटी आत राहिली होती म्हणून मान हलवली आणि खुर्चीत जाऊन बसले.

आता खरं लिहिते. मला ह्यांचा राग येतो. आजारी माणसाचा राग येऊ नये म्हणतात, मला येतो. हा माणूस बाजारात भाजीवाल्याला समुद्राच्या गोष्टी सांगायचा, आणि मागे रांग लागायची. झोपेतसुद्धा बडबडायचा. चाळीस वर्षं मी म्हणत आले, जरा म्हणून गप्प बसाल तर. घरात आता घड्याळाचा आवाज येतो. तो आवाज मला नको आहे. ह्यांचा हवा आहे, आणि तो येणार नाही, मग त्या टिकटिकीतून जेवढा येईल तेवढा तरी.

दोन रविवार उरले.

रविवार, २ मार्च

मी साडेनवालाच सगळं मांडलं. हे उठले, चपला घातल्या आणि बाहेर पडले. चक्क पळून गेले. साडेदहाला परत आले ते हात काळे, बाहीला गंज, धाप लागलेली. कुठे गेला होतात विचारलं तर बोट वर. गच्चीवर. हवा खायला म्हणे. गंजलेल्या शिडीला टेकून उभे राहिले असणार. पांढरा सदरा, गंज निघत नाही. धुता धुता मला रडू आलं आणि मग रडू आल्याचा राग आला.

लेकीचा फोन आला. म्हणाली, "आई, तू बाबांना सारखी ढकलतेस. त्यांना नको असेल."

"नको असेल तर नको म्हणून भांडावं की माझ्याशी," मी म्हटलं. "भांडतसुद्धा नाहीत."

ती जरा नरमली. मग म्हणाली, "एकच रविवार राहिलाय ना? मग कर काय करायचं ते."

शनिवार, ८ मार्च

आठवडाभर नुसते गणवेश. सेटला हात लावला नाही. आज फक्त टेबल बाल्कनीतून आत आणून खिडकीपाशी, ह्यांच्या खुर्चीसमोर मांडलं. धुराचं काम संपलंय. डबी, की, बॅटरी, रिसीव्हर. गच्चीवरून खाली आलेली तार बाजूला ठेवून दिली, जोडली नाही.

उद्या मी काही म्हणणार नाही. एक अक्षर नाही. हे मी इथे लिहून ठेवते म्हणजे मला पाळावं लागेल.

रविवार, ९ मार्च

सगळं आजच लिहून ठेवते.

सकाळी साडेनवाला मी खोलीत गणवेशाची दुमड घालत बसले. बोलायचं नाही ठरलं होतं, म्हणून तोंडात दोन टाचण्या धरल्या. हे आंघोळ करून आले. दाढी केलेली. गळ्यावर नवं फडकं. टेबलाशी बसले. नवा चष्मा लावला. तार उचलून डबीला जोडली, बॅटरी जोडली, कुठे काय जोडायचं हे न बघता, जणू रोजचंच. मी वर पाहिलं नाही. त्याच टाक्यात सुई चारदा गेली.

दहा वाजले. ह्यांनी कीवर तीन बोटं ठेवली. आणि मग तो आवाज सुरू झाला, घरभर, लयीत. मला एक अक्षर लागेना इतका भरभर. तरी मी तो हात ओळखला. जहाजातून घरी आले की जेवणाच्या टेबलावर बोटं वाजवायचे, तोच.

थांबले. रिसीव्हरमध्ये नुसती खरखर. पुन्हा पाठवलं. खरखर. दहा वाजून सहा. सात. तीन वॅट, सायकलचा दिवा, आज जिन्यापर्यंतच जात असेल तर? आणि दुसरी भीती: भावजी माइकवरच्या आवाजाची वाट बघतायत, टिकटिक कानावर पडली तरी दुसऱ्या कोणाची म्हणून सोडून देतील. किंवा पेंगले असतील.

ह्यांनी डबीवरचं बटण धरलं, मी बसवलेलं, आणि केसाएवढं फिरवलं. पुन्हा पाठवलं. ह्या वेळी हळू. शेवटची पाच-सहा अक्षरं मला लागली. नाव होतं ते. पेंग्या.

खरखर. खरखर. आणि मग त्या खरखरीच्या आतून, अगदी बारीक, एक टिकटिक आली. अडखळत, थांबत, पुन्हा पहिल्यापासून. कितीतरी वर्षांनी की शोधून, धूळ झटकून बसलेल्या माणसाची. मला चार अक्षरं लागली. "तूच?"

पुढचं मी सांगू शकत नाही, कारण दोघांनी जो वेग घेतला त्यात माझं शिक्षण वाहून गेलं. ह्यांची पाठ हलत होती. ह्यांच्या हसण्याला आता आवाज नाही, पण ती पाठ मी ओळखते. आधी हसत होते. मग थोडा वेळ हसत नव्हते. मग पुन्हा हसत होते.

आणि मध्येच ह्यांनी वेग टाकला. इतका हळू केला की मला वाटलं बॅटरी गेली. एकेक अक्षर सुटं, मुलाला गिरवायला द्यावं तसं. माझ्याकडे पाहिलं नाही, पण डोकं जरासं माझ्या बाजूला कललं होतं. मी दुमड खाली ठेवली आणि अंगुस्तानाने मांडीवर मोजत गेले.

"सेट हिने केला."

थांबले. आणि मग, आणखी हळू, "सगळा."

टाचण्या तोंडात होत्या म्हणून मी मोठ्याने रडले नाही. खरं तेच तर सांगितलं ह्यांनी. एकूण एक डाग माझा. पण कोणीतरी ते जगाला सांगावं, तेही ह्यांनी, आणि मला कळेल अशा बेताने.

सव्वाअकराला हवा बिघडली, टिकटिक ऐकू येईना. ह्यांनी तार काढली, पाटी घेतली आणि लिहायला लागले. पाटी भरली, पुसली, पुन्हा भरली. आठ महिन्यांत एवढं लिहिलं नव्हतं. "पेंग्या विचारतो त्याला असाच एक करून देशील का. अकराव्या मजल्यावर खिडकीच्या गजाला तार बांधून बघतो म्हणतो. मी हो सांगून टाकलं."

मला न विचारता माझ्या वतीने हो सांगायची जुनी खोड परत आली आहे. मी भांडले. हेही भांडले, पाटीवर, दोन्ही बाजूंनी.

मंगळवार, ११ मार्च

नवं किट आणायला भिंगवाल्यांकडे. सगळी हकीकत सांगितली. ते भिंग काढून ऐकत होते, त्यांचे दोन्ही डोळे मी आज पहिल्यांदा पाहिले. किट बांधता बांधता म्हणाले, "कड्यांचे वेढे मात्र तुम्ही बिनचूक घेतलेत. नवी माणसं हमखास एक जास्त घेतात. पहिला मोजत नाहीत."

"पहिला कुठला?"

"भोकातून तार एकदा गेली की एक. पहिल्यांदा गेली तरी एक."

मी हो हो म्हणून निघाले. रस्त्यात पाय आपोआप भरभर पडत होते. घरी हे डुलकी घेत होते. मी सेटचं झाकण काढलं आणि सुईच्या टोकाने मोजलं, भिंगवाल्यांच्या पद्धतीने. सोळा. अठरा. सोळा. चौतीस. पुन्हा मोजलं. मग ह्या वहीचं तेरा फेब्रुवारीचं पान काढलं. मी पहिला मोजलाच नव्हता. माझ्या हातचे सतरा, एकोणीस, सतरा आणि पस्तीस व्हायला हवेत. प्रत्येक कडीतून एकेक वेढा कोणीतरी उसवला आहे आणि टोक पुन्हा नीट लावलं आहे.

मग मी बाकीची पानं उलटी वाचली. चकचकीत डाग. राळेचा वास. पंखा. चष्मा. भाजलेलं बोट. बिनसाखरेच्या चहातला चमचा. गच्चीवरचा गंज. दोन हात. असा मूर्खपणा दुसऱ्या कोणी लिहिला असता तर मी पोट धरून हसले असते.

आधी राग आला. माझ्या शिवणीला दुसऱ्याने हात लावलेला मला खपत नाही, माझ्या आईचासुद्धा खपला नव्हता. जाऊन खुर्ची हलवावी आणि विचारावं, हा काय चोरटेपणा, असं वाटलं. गेलेही. हे झोपले होते, तर्जनीवरच्या डागाची खपली निघून खाली गुलाबी कातडी आली होती. मला वाटत होतं हा माणूस खुर्चीतून उठत नाही. मी दुकानात गेले की रोज उठत होता. माझं चुकलेलं नीट करायला, आणि मी यायच्या आत परत बसत होता.

मी झाकण लावून टाकलं.

बुधवार, १२ मार्च

भावजींच्या सेटची पहिली कडी आज ह्यांच्यासमोर बसून गुंडाळली. हे पेपर वाचत होते, म्हणजे पेपर धरून होते. पेपरवरून चष्मा दिसत होता. तार आरपार गेली आणि मग मी मोठ्याने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सोळाला थांबले.

ह्यांनी पाटी उचलली. काहीतरी लिहिलं, थांबले, पुसलं. मी विचारलं, "काय?" पाटीवर "चहा".

चहा केला. कडी टेबलावर तशीच ठेवली आहे, पंखा रस्त्याकडे वळवून. पहिला टाका मी मोजत नाही, मला तसंच शिकवलं आहे. उद्या दुकानातून यायला उशीर होईल, हे ह्यांना दोनदा सांगितलं.